झेड ड्राइव्हवर लाल फुली: सर्व्हर बंद पडल्यावर ऑफिसात गोंधळ होऊ नये म्हणून काय करायचं

वडोदऱ्यात दांडिया बाजार, रावपुरा, मांडवी या भागांतल्या दहा-पंधरा संगणकांच्या ऑफिसांत माझं येणं-जाणं असतं. सीएची ऑफिसं, छापखाने, ट्रस्टची कार्यालयं. फाइल सर्व्हर, म्हणजे सगळ्यांच्या फाइली ठेवलेला सामायिक संगणक, बंद पडला की दुरुस्तीला बहुतेक वेळा वीस मिनिटं लागतात. त्या वीस मिनिटांत घाबरलेल्या माणसांनी जे केलेलं असतं, ते निस्तरायला दोन दिवस जातात.

एका ऑफिसातली गोष्ट. जीएसटीच्या ३बी रिटर्नची २० तारीख होती. लाइट क्षणभर गेली आणि आली. सर्व्हर यूपीएसवर होता, त्याला काहीच झालं नाही. पण ज्या स्विचमधून सगळ्यांच्या तारा जातात तो साध्या बोर्डावर होता, तो बंद होऊन पुन्हा सुरू झाला. दोन मिनिटांत सगळं जागेवर आलं. तेवढ्यात हिशेब बघणाऱ्या काकूंना झेड ड्राइव्हवर (सर्व्हरवरचा फोल्डर त्यांच्या संगणकावर याच नावाने दिसतो) लाल फुली दिसली. त्यांनी डाउनलोड्समधली, आठवड्यापूर्वी मेलवर आलेली त्याच नावाची एक्सेल शीट उघडली आणि संध्याकाळपर्यंत तिच्यात आकडे भरले. बाकीचे तिघं सर्व्हरवरच्या शीटमध्ये भरत होते. मी पोहोचल्यावर काकूंनी पहिला प्रश्न विचारला, "भाऊ, माझं सकाळचं काम गेलं का?"

सगळं या प्रश्नात आहे. सर्व्हर का पडला याच्याशी नवख्या माणसाला देणंघेणं नसतं. त्याला तीन गोष्टी हव्या असतात: माझं काम शाबूत आहे का, मी आता काय करू, आणि किती वेळ लागेल. पडद्यावर येणारा एकही संदेश यातल्या एकाचंही उत्तर देत नाही. ती उत्तरं आपण आधी तयार ठेवायची. ऑफिसात "जरा बघ ना काय झालंय" म्हणून ज्याला हाक मारतात, त्याच्यासाठी हा लेख आहे. यातलं मुख्य काम सर्व्हर चालू असतानाच करायचं आहे.

टप्पा १: कशावर काय अवलंबून आहे ते कागदावर काढा

एका पानावर चार चौकोन काढा: सर्व्हर, स्विच, राउटर, यूपीएस. कुठलं यंत्र कुठल्या प्लगवर आहे ते लिहा. मग प्रत्येक टेबलाशी जाऊन विचारा, "सकाळी आल्यावर पहिली फाइल कुठली उघडता?" आणि ती खरोखर कुठे आहे ते स्वतः बघा. "सर्व्हरवर आहे" असं सांगणाऱ्या तीन-चार जणांच्या फाइली त्यांच्याच डेस्कटॉपवर निघतात, हा माझा प्रत्येक ठिकाणचा अनुभव आहे.

सर्व्हर म्हणून साधा डेस्कटॉप वापरत असाल तर तीन गोष्टी आजच बघा. पहिली, तो झोपी जातो का? पॉवर सेटिंगमध्ये स्लीप "नेव्हर" करा. दुसरी, विंडोज अपडेटनंतर आपोआप रीस्टार्ट होण्याची वेळ ऑफिसच्या वेळेबाहेर ठेवा. तिसरी, विंडोज १० किंवा ११ एका वेळी जास्तीत जास्त २० जोडण्या घेतं. वीस जणांना उघडतं आणि एकविसाव्याला उघडत नाही, तेव्हा तो एकविसावा माणूस आपलाच संगणक बिघडला असं समजतो.

सावधान: सर्व्हर जमिनीवर ठेवू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा तळमजल्यावर काय काय भिजलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. वरचा मजला मिळाला तर उत्तम, नाहीतर निदान भिंतीवरची पक्की फळी तरी.

तपासा: सगळे घरी गेल्यावर यूपीएसचा भिंतीतला प्लग काढा. सर्व्हर चालू राहिला पाहिजे, तसाच स्विचही चालू राहिला पाहिजे. राउटरच संगणकांना आयपी पत्ते (नेटवर्कवरचे आकडी पत्ते) वाटत असेल तर त्याचाही प्लग यूपीएसवर हवा.

टप्पा २: नावं आणि पत्ते सगळीकडे एकसारखे करा

एकाच फोल्डरला एका संगणकावर झेड, दुसऱ्यावर वाय आणि तिसऱ्यावर नुसता शॉर्टकट असेल, तर फोनवर मदत करणं अशक्य होतं. सगळीकडे एकच अक्षर ठेवा. मग मॅप केलेल्या, म्हणजे अक्षर देऊन जोडलेल्या, ड्राइव्हवर राइट क्लिक करून त्याचं नाव बदला. "ऑफिस सर्व्हर – सगळ्यांचं" असं सरळ नाव द्या. त्या जागी सर्व्हरचं तांत्रिक नाव आणि फोल्डरचा मार्ग दिसत राहिला तर कोणालाही त्यातून काही बोध होत नाही.

राउटरमध्ये जाऊन सर्व्हरसाठी आयपी पत्ता राखून ठेवा. तो राखला नसेल तर लाइट जाऊन आल्यावर राउटर त्याला वेगळा पत्ता देऊ शकतो. मग आकडी पत्त्यावर बनवलेले सगळे शॉर्टकट एकदम मरतात आणि सर्व्हर मात्र खुशाल चालू असतो. ड्राइव्ह मॅप करताना शक्यतो सर्व्हरचं नावच वापरा. आकडी पत्ता तुमच्या वहीत असू द्या.

प्रत्येकाला स्वतःचं युजरनेम आणि पासवर्ड द्या. गेस्ट म्हणून, पासवर्डाशिवाय उघडणारे फोल्डर आता टिकणार नाहीत. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो संगणकही असा सर्व्हर नाकारतात. काल चालत होतं आणि अपडेटनंतर बंद झालं, अशा तक्रारींमागे हे कारण वारंवार निघतं. सर्व्हरवरच्या खात्यांना पासवर्डाची मुदतही बघा. विंडोजमध्ये ती ठरलेली ४२ दिवसांची असते. मुदत संपली की तो एकच माणूस अडकतो, आणि बाकीच्यांचं चालतंय हे बघून आणखी गोंधळतो.

टप्पा ३: प्रत्येक संगणकावर एक "आसरा" फोल्डर बनवा

मला सगळ्यात जास्त उपयोग या टप्प्याचा झाला आहे. सर्व्हर गेला की माणूस उघडी फाइल दिसेल तिथे सेव्ह करतो: डॉक्युमेंट्समध्ये, डाउनलोड्समध्ये, पेन ड्राइव्हवर. नंतर ती त्याला स्वतःलाच सापडत नाही.

म्हणून प्रत्येक डेस्कटॉपवर, डाव्या हाताला वरच्या कोपऱ्यात, "सर्व्हर बंद असताना" या नावाचा एक फोल्डर बनवा. सगळीकडे तेच नाव, तीच जागा. तो संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर आहे याची खात्री करा. त्यात फाइल कशी ठेवायची तेही ठरवून द्या: मूळ नावापुढे आपलं नाव, तारीख आणि वेळ. उदाहरणार्थ "जुलै बिलं – शैला – २० – ११.४०". वेळ लिहिताना तासापुढे दोन टिंबं टाकू नका, विंडोज ते नाव घेत नाही आणि घाईत असलेल्या माणसाला आणखी एक चूक दाखवतं. साधं टिंब पुरतं.

सावधान: रोजचं काम या फोल्डरात करू देऊ नका. आठवड्यातून एकदा फेरी मारून तो रिकामा आहे ना ते बघा.

टप्पा ४: प्रत्येक टेबलासाठी एक कार्ड छापा

पोस्टकार्डाएवढं कार्ड, मॉनिटरच्या खालच्या पट्टीला चिकटवलेलं. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला गुजराती. आपल्याकडे शेजारच्या खुर्चीवर बहुधा कुणीतरी बेन किंवा भाई असतातच, आणि घाबरलेला माणूस आपल्या रोजच्या लिपीतलंच पटकन वाचतो. मी वापरतो तो मजकूर असा:

१. सेव्ह झालेलं काम सर्व्हरवर आहे. घाबरू नका.
२. लाल फुली दिसली तर ड्राइव्हवर एकदा डबल क्लिक करा. उघडला तर काम चालू ठेवा.
३. उघडी असलेली फाइल बंद करू नका. "सेव्ह ॲज" करून "सर्व्हर बंद असताना" या फोल्डरात ठेवा.
४. पडदा गोठला तर दोन मिनिटं हात लावू नका. पॉवरचं बटण दाबू नका.
५. जुनी प्रत उघडून काम सुरू करू नका.
६. फोन करा. आणि पडद्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

दुसरी ओळ क्षुल्लक वाटते, पण निम्मे फोन तीच वाचवते. विंडोजचा सर्व्हर १५ मिनिटं काही हालचाल नसेल तर जोडणी सोडतो. काही संगणकांवर तेव्हा फुली दिसते आणि डबल क्लिक केलं की ड्राइव्ह निमूट उघडतो. सकाळी संगणक सुरू झाल्यावर "सगळे नेटवर्क ड्राइव्ह जोडता आले नाहीत" असा निरोप येतो, त्याचंही बहुधा हेच. नेटवर्क उठण्याआधी विंडोज लॉगिन झालेलं असतं, इतकंच.

चौथ्या ओळीबद्दल तोंडी समजावून सांगा. सर्व्हर गायब झाला की संगणक उत्तराची वाट बघत बसतो आणि "नॉट रिस्पॉन्डिंग" लिहितो. तो अडकलेला असतो, मेलेला नसतो. त्या क्षणी पॉवरचं बटण दाबलं तर सर्व्हरशी काही संबंध नसलेलं, दुसऱ्या खिडकीत उघडं असलेलं कामही जातं.

तपासा: कार्ड अशा एकाला वाचायला द्या जो ऑफिसात नवा आहे. त्याला एकाही शब्दाचा अर्थ विचारावा लागला तर तो शब्द बदला.

टप्पा ५: संदेशांची तीन गटांत फोड करा

हे तुमच्यासाठी आहे, कार्डासाठी नाही. संदेश शेकडो आहेत, पण अर्थ तीनच, आणि फोनवर बोलताना मी समोरच्याला दरवाज्याची उपमा देतो.

*पहिला गट: घरापर्यंत पोहोचताच येत नाही.* "नेटवर्क पाथ वॉज नॉट फाउंड", चूक क्रमांक ५३, किंवा शून्य-एक्सने सुरू होऊन ८००७००३५ वर संपणारा लांबलचक आकडा. सर्व्हर बंद, स्विच बंद, तार निघालेली, पत्ता बदललेला, किंवा सर्व्हरच्या फायरवॉलने रस्ता अडवलेला. काम करता करता जोडणी तुटली तर चूक ६४ येते, "नेटवर्क नेम इज नो लाँगर अव्हेलेबल". लोकांना सांगायचं वाक्य: "रस्ता बंद आहे, घर शाबूत आहे. थांबा."

राउटर बदलल्यावर हा गट हमखास भेटतो. विंडोज नव्या राउटरला नवं नेटवर्क समजतं आणि सर्व्हरवर त्याला "पब्लिक" ठरवतं, मग फाइल शेअरिंग बंद होतं. सर्व्हरवर ते "प्रायव्हेट" केलं की झालं.

*दुसरा गट: घरापर्यंत पोहोचलो, पण आत घेत नाहीत.* "ॲक्सेस इज डिनाइड" म्हणजे चूक ५, पासवर्ड चुकला म्हणजे चूक ८६. आणखी एक चमत्कारिक चूक १२१९: एकाच सर्व्हरला एकाच संगणकावरून एका वेळी दोन वेगवेगळ्या नावांनी जोडता येत नाही. सुट्टीवर गेलेल्या माणसाच्या खुर्चीवर दुसरा बसला आणि त्याने आपलं नाव टाकलं की हे होतं. जुनी जोडणी तोडा, क्रेडेन्शियल मॅनेजरमधला (विंडोज पासवर्ड साठवतं ती जागा) जुना पासवर्ड काढा, लॉग ऑफ करून पुन्हा या. वाक्य: "सर्व्हर चालू आहे, फक्त तुमची किल्ली बदलायची आहे. बाकीच्यांना काम करू द्या."

*तिसरा गट: आत आलो, पण ती वस्तू मिळत नाही.* फाइल दुसऱ्याने उघडली आहे, फक्त वाचता येते, किंवा डिस्कवर जागा नाही. इथे माणूस फोन न करता स्वतःच काहीतरी करतो, म्हणून हा गट धोक्याचा. फाइल "लॉक्ड फॉर एडिटिंग" दिसली की तो तिची प्रत करतो, "फायनल" नाव देतो, आणि एका बिलाच्या दोन फाइली होतात. वाक्य: "ज्याचं नाव दिसतंय त्याला हाक मारा. तो जागेवर नसेल तर मला सांगा."

लिनक्सवर एनएफएस या फाइल शेअरिंगच्या पद्धतीने जोडलेले संगणक असतील तर ते बहुधा चूक दाखवतच नाहीत. "सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्राइंग" असं लॉगमध्ये लिहून प्रोग्रॅम थांबून राहतो आणि सर्व्हर आला की तिथूनच पुढे चालू होतो. हे हार्ड माउंटचं, म्हणजे सर्व्हर येईपर्यंत वाट बघणाऱ्या जोडणीचं, वागणं आहे आणि कामाच्या फाइलींसाठी तेच बरोबर आहे. "गोठणं" टाळायला कुणी सॉफ्ट माउंट सुचवलं तर नकार द्या. त्यात ठरलेल्या वेळेनंतर लिहिणं अर्धवट सुटतं, आणि सगळेच प्रोग्रॅम ते नीट हाताळत नाहीत. फाइल चालू दिसते पण आतून खराब असते. "स्टेल फाइल हँडल" आलं तर सर्व्हरवरचा फोल्डर हलवला किंवा नव्याने बनवला गेला आहे, त्या संगणकावर तो पुन्हा माउंट करावा लागेल.

टप्पा ६: पडल्यावर तुम्ही याच क्रमाने बघा

१. आधी विचारा: "एकालाच की सगळ्यांना?" एकाला असेल तर त्याच्या टेबलावर जा, सर्व्हरला हात लावू नका. चालू असलेल्या बाकी सगळ्यांचं काम तोडून सर्व्हर रीस्टार्ट करणं ही या कामातली सगळ्यात महाग चूक.

२. स्विचचे दिवे बघा. ज्या पोर्टला तार आहे आणि दिवा नाही, ती तार दोन्ही टोकांना दाबा.

३. अडलेल्या संगणकाचा पत्ता बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही, सर्व्हरला दोष देऊ नका.

४. सर्व्हरला नावाने पिंग करा (तिथून उत्तर येतं का ते बघणारी आज्ञा), मग आकडी पत्त्याने. पत्त्याने लागतं आणि नावाने नाही, तर गडबड नावाची आहे. दोन्हीने लागत नाही म्हणून सर्व्हर मेला असं मात्र समजू नका. फायरवॉल पिंगला गप्प ठेवू शकतं.

५. पॉवरशेलमध्ये "टेस्ट-नेटकनेक्शन" (Test-NetConnection) या आज्ञेला सर्व्हरचं नाव आणि ४४५ हा पोर्ट द्या. विंडोजचं फाइल शेअरिंग याच पोर्टवर चालतं. उत्तर "ट्रू" आलं तर रस्ता मोकळा आहे, दुसऱ्या गटाकडे वळा.

६. मगच सर्व्हरसमोर बसा. डिस्क भरली आहे का, घड्याळ बरोबर आहे का, डिस्कचा लाल दिवा किंवा बीप आहे का. डोमेन (सगळ्यांचं लॉगिन एकाच सर्व्हरवरून तपासणारी व्यवस्था) असेल तर घड्याळात पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक पडला की लॉगिन नाकारलं जातं.

सावधान: बीप वाजत असेल तर यंत्र बंद-चालू करू नका आणि डिस्क उपसू नका. रेडमधली (अनेक डिस्क एकत्र जोडलेली मांडणी) एक डिस्क गेली असताना घाईत चांगली डिस्क काढली, तर बॅकअपशिवाय परतीचा रस्ता उरत नाही. रेड हा बॅकअप नव्हे.

टप्पा ७: पहिल्या पाच मिनिटांत निरोप द्या

कारण कळलं नसलं तरी ऑफिसच्या व्हॉट्सॲप गटावर लिहा: "सर्व्हर ११.४० पासून बंद आहे. सेव्ह केलेलं सुरक्षित आहे. उघड्या फाइली 'सर्व्हर बंद असताना' या फोल्डरात ठेवा. १२.१० ला पुन्हा सांगतो." आणि १२.१० ला खरंच सांगा, मग सांगण्यासारखं काही नसलं तरी. डिस्कच गेली असेल तर "सुरक्षित आहे" हे शब्द वापरू नका. "काल रात्रीपर्यंतचा बॅकअप आहे" एवढंच खरं असेल तर तेवढंच लिहा. एकदा खोटा दिलासा दिलात तर पुढच्या वेळी कार्डावरची पहिली ओळ कुणी मानणार नाही.

टप्पा ८: सर्व्हर आल्यावर घाई करू देऊ नका

सर्वात जास्त नुकसान इथे होतं. "आला" असं कळलं की प्रत्येक जण आपली प्रत सर्व्हरवरच्या फाइलीवर टाकतो, "रिप्लेस" म्हणतो, आणि आधीच्या माणसाचं काम पुसलं जातं. काकूंच्या ऑफिसात मी पोहोचण्याआधी असं एकदा झालेलं होतं.

एकेक टेबल घ्या. आसरा फोल्डरातली फाइल आणि सर्व्हरवरची फाइल दोन्ही उघडा, बदललेल्या तारखा बघा. सर्व्हरवरच्या फाइलीला मधल्या वेळेत कुणी हात लावला नसेल तरच ती बदला, आणि तीही जुन्या प्रतीला वेगळं नाव देऊन. दोघांनी हात लावला असेल तर फाइल बदलायची नाही, ओळी नव्याने भरायच्या. कंटाळवाणं आहे, पण दुसरा सुरक्षित मार्ग नाही. वर्ड किंवा एक्सेल बंद पडलं असेल तर पुन्हा उघडून डावीकडची रिकव्हरीची यादी बघा. ती प्रत त्याच संगणकावर, ठरलेल्या सेटिंगनुसार दर १० मिनिटांनी ठेवलेली असते.

फाइल अजूनही "कुणीतरी उघडली आहे" म्हणत असेल, तर सर्व्हरवर कॉम्प्युटर मॅनेजमेंटमध्ये शेअर्ड फोल्डर्स, मग ओपन फाइल्स बघा. तिथे कुणी नसेल, तर त्याच फोल्डरात नावापुढे नागमोडी रेघ आणि डॉलरचं चिन्ह असलेली छोटी लपलेली फाइल उरलेली असते. फक्त ती काढा.

टॅलीसारख्या हिशेबाच्या प्रोग्रॅमबाबत वेगळा नियम ठेवा. कंपनी यादीत दिसत नाही म्हणून नवी कंपनी उघडायची नाही, ती दिसत नाही कारण सर्व्हर दिसत नाही. सर्व्हर आल्यावर आधी एकानेच कंपनी उघडायची, शेवटचा व्हाउचर नंबर समोरच्या कागदाशी जुळवायचा, मग बाकीच्यांनी आत यायचं.

तपासा: संध्याकाळी सगळे आसरा फोल्डर रिकामे आहेत का? त्यातलं काही लगेच डिलीट करू नका. एका वेगळ्या फोल्डरात आठवडाभर राहू द्या.

टप्पा ९: रंगीत तालीम

शनिवारी दुपारी, कामाच्या फाइली बंद करून घेतल्यावर, सर्व्हरवर एक "सराव" फोल्डर बनवा. प्रत्येकाला त्यातली एकेक फाइल उघडून दोन ओळी लिहायला सांगा आणि न सांगता सर्व्हरची नेटवर्कची तार काढा. मग गप्प उभं राहून बघा. कोण पॉवरच्या बटणाकडे हात नेतं, कोणाला "सेव्ह ॲज" सापडत नाही, कोणाचं कार्ड फुलदाणीमागे गेलं आहे. दहा मिनिटांनी तार लावा आणि टप्पा ८ प्रत्येकाकडून त्याच्याच हाताने करून घ्या.

काकूंच्या ऑफिसात दुसऱ्या तालमीच्या वेळी पडदा गोठल्यावर त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसल्या. शेजारच्या मुलाने बटणाकडे हात नेला, तो त्यांनीच धरला.

नवा माणूस रुजू झाला की आठवड्याच्या आत ही तालीम पुन्हा घ्या. जीएसटीच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास मात्र नको.